देवीच्या पत्रिकेची निब

अकोल्याच्या पेनवाल्यानं मला पहिला प्रश्न विचारला तो हा : "ताई, लिहिणारं मानूस कसं हाये? दाबून लिहिते का हल्लू?"

"लिहीतच नाही," मी म्हटलं.

"मंग पेन काहून घेऊन राहिल्या?"

खरं तर तिथूनच उठून यायला हवं होतं. मी अकोल्यातच शाळेत गणित शिकवते. प्रश्न विचारायची सवय मला आहे, ऐकून घ्यायची नाही. पण टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, साड्यांच्या दुकानावरच्या माडीवर बसून शाईची पेनं विकणारा हा नितेश सोडला, तर अकोल्यात दुसरं कोणी मला माहीत नव्हतं. बाकीच्या दुकानांत शाईचं पेन म्हटलं की पोरं बॉलपेनांचा डबा पुढं सरकवतात आणि वर "हेच चालते आजकाल" असं ऐकवतात. म्हणून गप बसले आणि त्याला सगळं सांगितलं.

लिहिणारं माणूस म्हणजे माझे वडील. गोपाळकृष्ण गुरुजी. अमरावतीत लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणतात, कारण अर्ध्या गावाची लग्नं त्यांनी लावली आहेत. श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा परत आली, पाय काठीच्या आधारानं परत आला, हात तेवढा यायचा राहिला. बोटं वळतात, हलकी वस्तू धरतात, पण मनगट फिरत नाही आणि जोर तर नावालाही नाही.

आणि नेमकं आत्ताच घरात लग्न उभं राहिलं. माझ्या भावाची, केदारची मुलगी मैथिली. तिचं साक्षगंध झालं आणि फाल्गुनातली तारीख निघाली. अमरावतीत कुणाकडेही लग्न असो, पहिली पत्रिका अंबादेवीला जाते. लोक छापलेली ठेवतात. आमच्या घरची मात्र नाना स्वतः लिहितात, बोरूनं, लाल शाईत. त्यांचं अक्षर म्हणजे काय सांगू! काना सरळ उतरतो, गाठ नेमकी भरते, वळणावर रेघ केसाएवढी बारीक होते आणि पुन्हा फुगते. स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनीच लिहिली होती. नवरदेव हळदीच्या अंगानं बोरू घेऊन बसलेला पाहून आजोबांनी म्हणे कपाळावर हात मारला होता.

मैथिली पुण्यात नोकरी करते, पण लग्नापर्यंत घरूनच काम करायला म्हणून अमरावतीत आली होती. फोनवर पाठवायची पत्रिका तिनं गाण्याबिण्यासकट तयार केली होती, पण देवीच्या पत्रिकेवर मात्र ती अडून बसली. "नानांच्या हातची गेली तरच मी मांडवात उभी राहीन," म्हणाली. त्यावर नाना भिंतीकडं बघत म्हणाले, "छापलेली ठेवा. आणि मलाही मांडवात नेऊ नका. हात गेलेल्या भटाचं तिथं काय काम?"

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. डावा हात आहे की चांगला धडधाकट! पण डाव्या हाताचं नाव त्यांच्यापुढं काढायची सोय नाही. देवाचं, अन्नाचं आणि अक्षराचं सगळं उजव्यानं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. झटका आल्यापासून ते डाव्यानं घासही उचलत नाहीत, केदार भरवतो तेव्हा जेवतात. सत्तरी ओलांडलेला माणूस मुलाच्या हातून वरणभात खातो आणि डावा हात मांडीवर नुसता ठेवून देतो. बघवत नाही हो.

त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला अपेक्षा नावाची मुलगी येते. तिनंच हे पेनाचं सुचवलं. "बॉलपेनला जोर लागतो, काकू. शाईचं पेन कागदाला टेकलं तरी लिहितं. बोटांत नीट बसेल असं हलकं बघा. निबा बदलता येतील असं मिळालं तर उत्तमच, कारण कुठली जमेल ते लिहून बघितल्याशिवाय कळणार नाही."

हे सगळं ऐकल्यावर नितेशच्या तोंडावरचं हसू गेलं. "असं पह्यलेच सांगाचं ना," तो म्हणाला आणि काचेच्या कपाटाला कुलूप लावून त्यानं खालचा खण उघडला. "कपाटातले तुमच्या कामाचे नाईत. ते लोकाइले देखावा कराले लागते."

"महागाचं नकोच आहे," मी म्हटलं. "महागाचं नेलं तर नाना ते डबीत ठेवून त्याला रोज हळदकुंकू वाहतील."

त्यानं एक पितळी पेन हातात दिलं. छान होतं, पण वरवंट्यासारखं जड. दुसरं इतकं बारीक की उदबत्ती धरल्यासारखं वाटलं. तिसरं साधं प्लॅस्टिकचं, आरपार दिसणारं. आतली शाई कुठवर आली ते बाहेरून कळावं. धरायच्या जागी त्याला तीन बाजू होत्या आणि बोटं न सांगता त्या बाजूंवर जाऊन बसत होती. मी डोळे मिटून धरून पाहिलं. तरीही बसली.

"हेच," मी म्हटलं.

"थांबा ना. अजून खरी गंमत तं पाह्याचीच हाये." त्यानं पेनाची निब दोन बोटांत धरली आणि सरळ ओढली. निब, तिच्या खालची काळी जीभ, सगळं हातात आलं. मी दचकले. मला वाटलं मोडलं. "फिरवाचं नाई, सरळ ओढाचं. लावतानी बी सरळ," म्हणत त्यानं खिशातून एक डबी काढली. सोमवार ते रविवार असे खण असलेली औषधाच्या गोळ्यांची डबी होती ती. त्याच्या आजोबांची असेल. प्रत्येक खणात एकेक निब ठेवलेली.

मग तो निबा लावत गेला आणि मी लिहीत गेले. आता मी काही लहान मूल नाही, पण तोंडात बोट घालायचंच बाकी राहिलं. सोमवारच्या निबेनं माझं अक्षर पेपर तपासतानाचं निघालं, टोचरं आणि कंजूष. मंगळवारच्या निबेनं तेच अक्षर गुबगुबीत झालं, आमच्या शाळेच्या शिपायाच्या बायकोसारखं हसरं. पेन तेच, हात तोच, मी तीच. एवढ्याशा पत्र्याच्या टोकात माझा स्वभाव बदलायची ताकद आहे हे मला ह्या वयात कळत होतं. शाळेत एवढी वर्षं खडू घासला, कुणी सांगितलं नाही.

"आता मला ती तिरकी द्या," मी म्हटलं. "टोक तिरकं कापलेली. आमच्या लिपीचा बोरू तसा कापतात."

नितेशनं डबी उलटीसुलटी केली. "तिरकी संपली, ताई. ही सपाट हाये, पाहा. टोक सरळ कापेल हाये, तिरकं नाई. इंग्लिशवाले नेतात."

मी ती लावून 'श्री' लिहिलं आणि माझा पारा चढला. जिथं जाड हवं तिथं बारीक, जिथं बारीक हवं तिथं जाड. नानांच्या अक्षराचं आरशात पडलेलं वाकडं तोंड. "अहो, ही आपल्याला उलटी पडते! इंग्रजीचा तिरपा एका बाजूचा, आपला दुसऱ्या बाजूचा. एवढं कळत नाही तर विकता कशाला?"

"उलटी पडते तं उलटं धरा ना!" तो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खो खो हसला.

मी त्याच्याकडं असं पाहिलं की नववीचा वर्ग गप झाला असता. हा नाही झाला. त्यानं ती सपाट निब बाकीच्या दोघींबरोबर पुडीत बांधली. "राहू द्या. नाई जमली तं वापस आना, मी कोठी पळून चाललो का?" मग लाल शाईची बाटली दिली आणि वरून दम भरला : "कुंकूबिंकू मिसळसान तं पेन मरते, आधीच सांगून ठेवतो." चांदूर बाजारला त्यांची संत्र्याची बाग आहे, तिथली संत्री पोत्यात पडली होती. त्यातली ओंजळभर पिशवीत टाकली.

मी टोपण लावत होते तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमी डावखुऱ्या का? सगळं डाव्यानं करता, लिहाले तेवढा उजवा काढला."

"होते डावखुरी."

"होते? असं सुटते का ते?"

सुटत नाही, सोडवतात. मी पाटीवर पहिलं अक्षर डाव्या हातानं गिरवलं तेव्हा नानांनी पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. मी पुन्हा डाव्यात घेतली. मग त्यांनी अभ्यासाला बसताना माझा डावा हात रुमालानं पाटाच्या पायाला बांधायला सुरुवात केली. मारलं कधीच नाही. गाठ सैल असायची, वर गोष्टीही सांगायचे. पण बांधायचे. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मी उजव्यानं लिहायला लागले. अजूनही भाजी चिरते, कुलूप लावते ती डाव्यानंच, टाळी द्यायला पुढं करते तोही डावाच. लिहायची वेळ आली की मात्र वस्तू आपोआप उजव्यात जाते. माझं अक्षर अजूनही वाईट आहे. गुरुजींच्या मुलीचं अक्षर असं कसं, हे मी जन्मभर ऐकत आले. नितेशला यातलं काही सांगितलं नाही. पिशवी उचलली आणि स्टेशन गाठलं.

बडनेऱ्याला उतरून ऑटोनं अमरावतीच्या घरी पोचले तर मैथिली दारातच उभी. "आणलं?" एवढंच विचारलं तिनं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांची आंघोळ झाली, केदारनं चहा पाजला आणि तो कामाला गेला. खिडकीतलं ऊन टेबलावर आलं होतं. मी कागद पसरला, पेन पुढं ठेवलं. नानांनी ते उजव्या हाताच्या बोटांत घेतलं, हलवून पाहिलं. बोटं तिन्ही बाजूंवर बरोबर बसली. "हलकं आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून कौतुकासारखं काही निघाल्याला महिने झाले होते.

पहिली निब कागदात रुतली आणि फाडत गेली. दुसरी लावली. तिनं 'श्री'च्या जागी लाल डबकं केलं, कारण हात एका जागी अडला की पुढं सरकतच नव्हता. राहता राहिली सपाट. लावावी की नको असं मला झालं, पण लावली. नानांनी जीव एकवटून एक काना ओढला, मग वळण घ्यायला गेले. मनगट फिरलं नाही. जे काही उमटलं ते मी दुकानात लिहिलेल्याहून वाईट होतं.

"उलटी निब आणलीस," ते म्हणाले.

"तिरकी संपली होती."

"तिरकी असती तरी काय? मनगट फिरत नाही ग, अनू." त्यांनी पेन खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे बोटांतून गळू दिलं. "मैथिलीला सांग, छापलेली पत्रिका चांगली दिसते. देवी काही अक्षर बघत नाही." आणि तोंड भिंतीकडं वळवलं. मैथिली स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, ती आत निघून गेली. भांडं उगाच आपटल्याचा आवाज आला.

मला इतका राग आला! कुणाचा म्हणाल तर सगळ्यांचा. देवीचा, नितेशचा, त्या संपलेल्या तिरक्या निबेचा, मांडीवर नुसत्या पडलेल्या त्या धडधाकट डाव्या हाताचा. "निबेत काही खोट नाही!" असं काहीतरी ओरडत मी पेन उचललं, कोरा कागद ओढला आणि 'श्री' लिहिलं.

लिहून झाल्यावर मी नुसती बघत राहिले.

काना भरदार उतरला होता. वळणावर रेघ बारीक झाली होती आणि बाहेर पडताना पुन्हा फुगली होती. वेलांटी थरथरलेली, ठेंगणी, बालवाडीतल्या पोरानं काढावी तशी. पण जाड हवी तिथं जाड आणि बारीक हवी तिथं बारीक. नानांच्या अक्षराचं लहानपण समोर बसलं होतं. मला वाटलं मी कागद उलटा धरलाय. नाही, सुलटाच होता. मग माझं लक्ष हाताकडं गेलं.

पेन डाव्या हातात होतं. उचललं डाव्यानं, आणि रागाच्या भरात ते उजव्यात गेलंच नाही.

मी पटकन हात मागं घेतला. अजूनही, ह्या वयात, चोरी पकडल्यासारखा.

"थांब," नाना म्हणाले. ते कधी वळले मला कळलंच नव्हतं. "हात हलवू नकोस. होता तिथंच ठेव."

मी निब पुन्हा कागदाला टेकवली. नाना पुढं वाकले. इतके वाकले की त्यांच्या कपाळाचं गंध मला जवळून दिसलं. "मैथिली!" त्यांनी हाक मारली. श्रावणानंतर त्या आवाजात हाक ऐकली नव्हती. "देव्हाऱ्याच्या खणातला बोरू आण. माझा."

तिनं धावत आणला. नानांनी तो उजव्या हाताच्या त्याच अर्धवट बोटांत धरला, वर्षानुवर्षं धरत आले तसा, आणि त्याचं तिरकं कापलेलं टोक माझ्या निबेशेजारी कागदाला टेकवलं. बोरू उजवीकडून आलेला, पेन डावीकडून आलेलं. आणि कागदावर मात्र दोघांच्या टोकांची धार एकाच तिरप्यात पडली होती. फुटपट्टी लावावी इतकी एका दिशेत.

मी गणिताची बाई. कोन, लंब, परावर्तन, सगळं पोरांना रोज समजावते. समोर होतं ते फळ्यावर सहज मांडून दाखवता आलं असतं, त्यात जादू काही नव्हती. तरी मी खाली वाकून ती दोन टोकं पुन्हा पुन्हा पाहिली.

खाली रस्त्यावर भाजीवाला मेथी ओरडत होता.

"बोरू सरळ कापला तर उजव्या हाताला आपली अक्षरं येत नाहीत," नाना सावकाश, स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले. "म्हणून तो तिरका कापायचा. वडिलांनी मला शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. का तिरका, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही." मग माझ्या हाताकडं बघत म्हणाले, "ह्याला तर कापावंच लागत नाही. हा जात्याच तसा पडतो."

"हो नाना."

"म्हणजे एवढी वर्षं मी उजव्या हाताकडून काय करवून घेत होतो?" त्यांनी बोरू खाली ठेवला. "आणि तुझा बांधत होतो."

"रुमालानं," मी म्हटलं.

"तुला आठवतं?"

"माझाच हात होता, नाना."

जरा जास्तच लागेल असं निघालं तोंडातून. पण परत घेतलं नाही, घ्यावंसं वाटलंही नाही. नानांनीही मान खाली घातली नाही. माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. माझ्याही आलं. एवढ्या वर्षांचा राग आणि ते चमत्कारासारखं अक्षर एकाच कागदावर पडलेलं, त्यातल्या कशासाठी रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

मग त्यांनी मांडीवरचा डावा हात उचलला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "ह्या हातानं मी देवाला कधी फूल वाहिलं नाही," म्हणाले. आणि तो माझ्यापुढं पसरला. "दे ते पेन."

मी दिलं. तीन बाजू, तीन बोटं. निब कागदाला टेकली आणि काही क्षण नुसती टेकलेलीच राहिली. मग त्यांनी 'श्री' लिहिलं. मोठं, वेडंवाकडं, शिरोरेघ उताराला लागलेली. पण काना भरला, वळण बारीक झालं, शेवट फुगला. पेनाला जोर लागतच नव्हता, ते चाललं होतं आपलं. मैथिलीनं तोंडावर हात ठेवला होता. "नाना!" एवढंच म्हणाली.

"वेलांटी चुकली," नाना म्हणाले. "दुसरा कागद दे."

त्या दिवसापासून घरात शाळा भरली आणि मी त्यात सगळ्यात ढ विद्यार्थिनी. नानांचा हात लवकर दमायचा, म्हणून ठरलं असं की वरचं 'श्री अंबादेवी प्रसन्न' ते लिहितील आणि खालचा सगळा मजकूर मी. डाव्यानं. दर शनिवारी अकोल्याहून यायचं, रविवारी लिहीत बसायचं आणि बोलणी खायची. "अकार उघडा पडला. गाठ बांधलीस की भजं तळलंस? मनगट वर नेऊ नकोस, ओळीच्या खालूनच चाल, तिरपा बिघडतो." शाई ओली, आणि डाव्यानं लिहिताना तळव्याची कड हमखास ताज्या अक्षरांवरून फिरायची. कितीतरी कागद फुकट गेले. माझ्या हाताची कड जी लाल झाली ती साबणानंही निघेना. वर्गात फळ्यावर लिहिताना पोरी आपसांत खुसखुसायच्या.

"आत्या, लग्न माझं आणि मेंदी तुझ्या हाताला," मैथिली चिडवायची.

एका रविवारी केदारनं घास पुढं केला तेव्हा नाना म्हणाले, "राहू दे रे, चमचा दे इकडं." केदारनं माझ्याकडं पाहिलं, मी ताटाकडं पाहिलं. वरणभात धोतरावर बराच सांडला. आणखी काही दिवसांनी त्यांनी स्वतःच विचारलं, "फाल्गुनात घालायचं माझं सोवळं कुठं आहे? मांडवात कुणी फाटक्यात बसतं का?" मैथिलीनं ते ऐकलं आणि नाचत जाऊन कपाट उघडलं.

पत्रिका अखेर साधली. नाना म्हणाले साधली, म्हणजे साधली. वरची ओळ त्यांची, मोठी आणि थोडी डुगडुगती. खालच्या ओळी माझ्या, सांभाळून चालणाऱ्या. पण दोन्हींचा तिरपा एक. एकाच घरातलं अक्षर आहे हे कुणीही ओळखलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं अक्षर पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं.

शुक्रवारी सगळे अंबादेवीला गेलो. नानांच्या डाव्या हातात काठी होती, त्यामुळं पत्रिका माझ्याकडं. गाभाऱ्यासमोर गर्दी होती, पण नानांना बघून लोकांनी वाट दिली. पुजारी त्यांचे जुने ओळखीचे. त्यांनी हात पुढं केला आणि मी, सवयीनं, पत्रिका उजव्या हातात घेऊन पुढं केली.

"अनू," मागून नाना म्हणाले. "ज्या हातानं लिहिलीस, त्या हातानं दे."

पुजाऱ्यांनी भुवया वर केल्या. "नाना, डाव्या हातानं? देवीला?"

"लिहिलीच आहे डाव्या हातांनी. माझ्या आणि तिच्या," नाना म्हणाले. आवाज मंगलाष्टकांचा, अख्ख्या मंडपाला ऐकू जाणारा. "मी सांगतो ना, घ्या."

मी पत्रिका डाव्या हातात घेतली. हाताच्या कडेवरची लाल शाई अजून गेली नव्हती. मी तो हात देवीपुढं केला, आणि पुजाऱ्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेऊन तिच्या पायांशी ठेवली.